परवाना देणाऱ्याने प्रशिक्षणही पाहावे

आयर्लंडमध्ये 1988च्या कायद्याने खासगी नभोवाणीला वाट मोकळी झाली. मात्र परवाना मिळाला म्हणून कसबी माणसे आपोआप मिळत नाहीत. लहान केंद्रात बहुधा एकच वार्ताहर ध्वनिमुद्रण करतो, ते कापतो-जोडतो आणि बातम्याही वाचतो. न्यायालयीन खटल्याच्या बातमीत त्याच्याकडून एखादा शब्द चुकला, तर बेअदबीचे किंवा बदनामीचे प्रकरण थेट केंद्रावर शेकते. म्हणूनच 2009च्या प्रसारण कायद्याने नियामकाकडे, म्हणजे परवाने देऊन प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक मंडळाकडे, या क्षेत्राला लागणाऱ्या कौशल्यांची माहिती गोळा करण्याचे आणि जिथे कुशल माणसांची वानवा आहे तिथे इतर संस्थांच्या साहाय्याने प्रशिक्षणास चालना देण्याचे कामही सोपवले. मंडळ स्वतः वर्ग भरवत बसले नाही, आणि ते योग्यच; खासगी केंद्रांसाठी ‘लर्निंग वेव्ह्ज’ आणि सामुदायिक केंद्रांसाठी ‘क्रोल’ यांसारख्या संस्थांना ते अर्थसाहाय्य देत असे. मंडळाचा खर्च मुख्यतः प्रसारकांकडून घेतलेल्या आकारणीतून चालत असल्यामुळे हा उपकार ठरत नव्हता. 2023मध्ये ‘कोमिशून ना म्यॉन’ हा नवा आयोग जुन्या मंडळाच्या जागी आला; ऑनलाइन सुरक्षिततेचा मोठा भार त्याच्या शिरावर असला, तरी प्रसारण क्षेत्राची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.