मोटारीचे तडकलेले प्लॅस्टिक कसे सांधावे?

तुमच्या नात्यात किंवा शेजारी कोणाकडे जुनी मोटार जपून ठेवलेली आहे का? असेल तर तिच्यात एकदा बसून पाहा. बाहेरचा रंग नवा असेल, इंजिनही ठाकठीक असेल. पण समोरच्या डॅशबोर्डकडे, दारांच्या आतल्या बाजूच्या पट्ट्यांकडे, दिव्यांच्या बटणांभोवतीच्या झाकणांकडे नीट पाहा. कोठेतरी स्क्रूच्या भोकापासून निघालेला एक बारीक तडा तुम्हांला हमखास दिसेल.

पत्र्याला पोचा आला तर तो ठोकून काढता येतो. इंजिनाचा भाग झिजला तर लेथवर नवा करून घेता येतो. प्लॅस्टिकच्या पट्टीचे तसे नाही. ती पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबून बनवलेली असते आणि मोटारीचे उत्पादन थांबले की साचेही मोडीत जातात. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचेच उदाहरण घ्या. एके काळी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक याच गाडीच्या असत. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता ज्यांनी हौसेने ही गाडी ठेवली आहे, त्यांच्या हातची पट्टी तुटली तर दुसरी भंगारात शोधावी लागते. म्हणून दुरुस्तीची पहिलीच खेप चुकून चालत नाही. ती चुकू नये यासाठी गोंदाची बाटली उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवायला हवीत.

पहिला प्रश्न : तडा का गेला?

मोटारींच्या आतल्या भागांसाठी एबीएस नावाचे प्लॅस्टिक पुष्कळ वापरले जाते. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन पदार्थांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. यातल्या ब्युटाडाइनपासून बनलेल्या रबराचे सूक्ष्म कण प्लॅस्टिकभर पसरलेले असतात. धक्का बसला की ते ताण पचवतात, म्हणून नवे एबीएस चिवट असते. पण सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांचा मारा नेमका या रबरावरच होतो. त्याच्या रेणूंतील दुहेरी बंध तुटतात, पृष्ठभाग पिवळा पडतो आणि वरचा पातळ थर पापडासारखा कडक होतो.

त्यात भर पडते उष्णतेची. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकतो. तापमान ४० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीची एबीएसची पट्टी साधारण ३ मिलिमीटरने लांबते. तेवढीच लांब पोलादी पट्टी मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर. आता ही प्लॅस्टिकची पट्टी पोलादी सांगाड्यावर स्क्रूने घट्ट आवळलेली असेल तर काय होईल? रोज दुपारी ती लांबू पाहील आणि रोज रात्री आखडेल. तडा स्क्रूच्या भोकापाशीच का सुरू होतो, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

एकदा सुरू झालेला तडा थांबतही नाही. ब्रिटिश अभियंता चार्ल्स इंग्लिस याने १९१३ साली याचे गणित मांडले. ताणलेल्या पट्टीत गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. पण ताणाच्या दिशेला आडवे असे लांबट भोक असेल, त्याची लांबी रुंदीच्या दसपट असेल, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो! तडा म्हणजे अतिशय अरुंद असे लांबट भोकच. म्हणून कारागीर तड्याच्या नेमक्या टोकावर दीड-दोन मिलिमीटरचे गोल भोक पाडतात. आधीच फाटलेल्या वस्तूला आणखी भोक पाडणे विचित्र वाटते खरे, परंतु अणकुचीदार टोक गोल झाल्याने तिथला ताण एकदम उतरतो.

दुसरा प्रश्न : हे प्लॅस्टिक कोणते?

एकाच गाडीत चार-पाच प्रकारची प्लॅस्टिके असू शकतात आणि एखादा भाग मागाहून बदललेलाही असू शकतो. म्हणून गाडीचे नाव पाहून अंदाज बांधू नका. आधी पट्टीच्या मागच्या बाजूला ठसा आहे का ते पाहा. बऱ्याच गाड्यांच्या भागांवर प्लॅस्टिकची आद्याक्षरे उमटवलेली असतात. ठसा नसेल तर मागच्या, न दिसणाऱ्या कडेचा नखाएवढा कपचा काढा आणि पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे कपच्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत.

कपचा तरंगला तर ते पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिइथिलीन असणार. त्यांची घनता पाण्याहून कमी असते. बुडाला तर तोच कपचा, विरघळेल तेवढे मीठ घातलेल्या पाण्यात टाका. एबीएसची घनता सुमारे १.०५ आणि अशा खाऱ्या पाण्याची सुमारे १.२, त्यामुळे एबीएस वर येते. पीव्हीसी बहुधा तळाशीच राहते.

नायलॉनही खाऱ्या पाण्यावर तरंगते, म्हणून आणखी एक खूण हवी. पट्टीच्या मागे कोपऱ्यात ॲसिटोनचा एक थेंब लावा. अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली तर एबीएस किंवा त्याच्या जवळचे प्लॅस्टिक समजावे. नायलॉन, पॉलिप्रोपिलीन किंवा फार जुन्या गाड्यांच्या गुंड्यांत आढळणारे बेकेलाइट यांच्यावर त्या थेंबाचा काहीच परिणाम होणार नाही. काही जण प्लॅस्टिक जाळून वासावरून ओळखतात. तसे तुम्ही मुळीच करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो.

तिसरा प्रश्न : सांधा कसा जुळतो?

वाळलेल्या कणकेचे दोन गोळे एकमेकांवर दाबून पाहा. ते चिकटत नाहीत. पाण्याचा हात लावून मऊ केले तर मात्र त्यांचा एकच गोळा होतो. एबीएसमध्ये तेच घडते. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. ॲसिटोन त्यांच्यामध्ये शिरला की त्या सैल होऊन हलू लागतात, तड्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठात शिरतात आणि गुंततात. ॲसिटोन उडून गेला की गुंता तसाच राहतो. येथे गोंद असा नाहीच. प्लॅस्टिकच प्लॅस्टिकला जुळते.

बेकेलाइटच्या साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या बांधलेल्या असतात. त्या सैल होत नाहीत, म्हणून तेथे पृष्ठभाग खरबरीत करून एपॉक्सी वापरावे. पॉलिप्रोपिलीनला साधा गोंद धरत नाही. ते गरम हवेने वितळवूनच जोडतात.

प्रत्यक्ष दुरुस्ती

हे काम वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. ॲसिटोन चटकन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास दिवा, शेगडी किंवा काडेपेटी नको.

पट्टी गार असताना उपटू नका. कोमट झाली की ती थोडी वाकते. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. तड्याच्या टोकाला भोक पाडा. दर्शनी बाजूने चिकटपट्टी लावून काठ नीट जुळवा. आता एबीएसचा चुरा हवा. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएसचेच बनू लागले. एखादा मोडका ठोकळा चालेल. त्याचे कपचे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, मधासारखी लापशी तयार होईल. मागच्या बाजूने तड्यात ॲसिटोनचा अगदी पातळ हात फिरवा, वर लापशी लावा, तीत बारीक तारेच्या जाळीचा तुकडा बसवा आणि पुन्हा लापशीचा थर द्या. किमान एक दिवस, जाड थर असेल तर दोन-तीन दिवस, हात लावू नका. पट्टी वाकवून धरलेली असताना ॲसिटोन लावू नका, नाहीतर ताणलेल्या जागी नवे तडे जातील.

पट्टी परत बसवताना स्क्रूचे भोक किंचित लांबट करा, वॉशर घाला आणि स्क्रू बेताने आवळा. पट्टीला सरकायला जागा मिळाली नाही तर तडा पुन्हा तेथेच येईल. स्टिअरिंगचे चाक किंवा पट्ट्याचे आधार यांसारखे, ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे असे भाग मात्र या रीतीने कधीही जोडू नयेत.

जोडलेली पट्टी नव्यासारखी होईल का? नाही. उन्हाने गेलेला रबराचा चिवटपणा ॲसिटोन परत आणत नाही. म्हणून गाडी सावलीत उभी करणे हा दुरुस्तीचाच भाग समजावा.

घरात जुनी मोटार नसली तरी प्रयोग अडत नाही. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या झाकणाचा एक आणि मोडक्या बॉलपेनच्या पारदर्शक नळीचा एक असे तीन तुकडे घ्या. आधी साध्या पाण्यात, मग खाऱ्या पाण्यात टाका. कोण कोठे तरंगते याची नोंद करा आणि बाटली व झाकण वेगवेगळ्या प्लॅस्टिकची का केली असतील, यावर वर्गात चर्चा करा.