काजूच्या बागेतली भीती

रात्री दिवा लागल्यावर आमची आई सापाला साप म्हणत नसे. ‘लांबडे’ म्हणे, नाहीतर नुसते ‘जनावर’. नाव घेतले की ते येते, अशी समजूत. केरीतल्या पुष्कळ घरांत ही रीत होती, हिंदूंच्या तशीच आपल्या ख्रिस्ती घरांतही. (येथे केरी म्हणजे पेडण्यातली, तेरेखोल नदीच्या मुखावरची, सत्तरीतली नव्हे.) पण आमच्या आईच्या बाबतीत त्या रीतीमागे एक घडलेला दिवस होता.

1981 सालच्या जुलैत आमचे धाकटे काका गेले. पावसाचे दिवस, जमिनीवर चटई टाकून निजलेले. पहाटे पोट दुखते म्हणून उठले. आजीने ओवा दिला. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या जड झाल्या, बोलणे बोबडे झाले. तेव्हा कोणीतरी कंदील धरून चटई उचलली, तर खाली काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे जनावर. मण्यार होती ती. तिच्या दंशाला सूज नसते, दुखतही फारसे नाही. म्हणून निजलेल्या माणसाला कळतच नाही. काकांना उचलून झाडपाला देणाऱ्या एका गृहस्थांकडे नेले. तेथे दोन तास गेले. दुपारच्या आत श्वास थांबला. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो, आणि त्या चटईचा रंग आजही आम्हांस आठवतो.

वाचकहो, एवढे जुने दुःख या पानावर उकरण्याचे कारण असे की ती भीती आम्ही पुढे छत्तीस वर्षे अंगात बाळगली, आणि तिने आम्हांस एका क्षणी वाचवायचे सोडून मारायलाच नेले होते.

2017 च्या एप्रिलात सड्यावरच्या आमच्या बागेत सकाळी बोंडू गोळा करीत होतो. टोकाला खिळा लावलेली काठी हातात होती. पण एक बोंडू पाल्याखाली दडलेला, म्हणून हात घातला. उजव्या हाताच्या बोटाला चटका बसला. वीतभर लांबीचे, मातकट रंगाचे फुरसे अंगाला अंग घासत, करकर आवाज करीत चिऱ्याच्या फटीत शिरले. जांभ्या दगडाचा सडा हे त्याचे आवडते ठिकाण.

आता आम्ही काय केले ते ऐका. आम्ही कोणालाच सांगितले नाही. बायको वीस पावलांवर होती. आम्ही बोट धोतराच्या सोग्यात गुंडाळले आणि आणखी अर्धा तास बोंडू वेचले. ‘दंश लागलाच नसेल,’ असे मनाशी म्हणत होतो. सांगितले असते तर ते खरे झाले असते. न सांगितल्याने खोटे राहील असे वाटले. रात्री सापाचे नाव न घेणाऱ्या आईचाच तो मुलगा! हात मनगटापर्यंत सुजला, तेव्हा बायकोनेच पाहिले. ती घाबरली असेल, पण ओरडली नाही. शेजाऱ्याची गाडी मागवली आणि म्हणाली, ‘हात हलवू नका, बसा.’

इस्पितळात पहिली गोष्ट घडली ती अंगठीची. लग्नाची अंगठी सुजेत रुतून बसली होती, ती पक्कडीने कापावी लागली. अर्ध्या तासापूर्वी ती साबणाने निघाली असती. मग डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतले आणि न हलवता वीस मिनिटे ठेवले. साधी तपासणी आहे, तिला यंत्र लागत नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली की रक्त गोठलेले असले तर जागचे हलत नाही. आमचे पाण्यासारखे वाहिले. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच खाऊन टाकते. नाग आणि मण्यार यांचे विष नसा बधिर करून श्वास बंद पाडते. आपल्या देशात मिळणारे प्रतिविष या चौघांवर मिळून एकच असते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते तयार करतात. आम्हांस दहा बाटल्या सलाइनमधून दिल्या. मध्येच थंडी भरून अंग उडू लागले. घोड्याच्या रक्ताची ती प्रतिक्रिया असते. डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन भरूनच उभे होते.

त्या रात्री आम्हांस मरणाची भीती वाटली. जशी वाटली तशी सांगतो, कारण ती कशाची असते हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. दुखण्याची नव्हती. पुढे देवापुढे काय जाब द्यायचा याची थोडी होती, नाही असे नाही. पण पहाटे तीन वाजता छताकडे पाहताना मनात फिरत होते ते भलतेच: सोसायटीचे कर्ज, धाकटीची फी, वडिलांच्या मागे कधीच न झालेली वाटणी, एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव, आणि बांधाच्या तीन हातांवरून ज्याच्याशी आम्ही चार वर्षे बोललो नव्हतो तो आमचा सख्खा भाऊ. तो बाहेर बाकावर बसला आहे, हे आम्हांस सकाळी कळले.

भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी म्हटले, ‘विश्वास पक्का असता तर भ्याला नसतास.’ त्यांचा हेतू चांगला होता. आम्ही गप्प राहिलो. पण गेथशेमाने बागेतल्या त्या रात्रीचे वर्णन दर चाळिशीत आपण ऐकतो. तेथे घाम फुटला होता तो कोणाला? भीती वाटणे हे विश्वास नसल्याचे चिन्ह आहे, असे आम्ही तरी आता मानीत नाही.

भीतीच्या पोटी आपण जे करतो त्याचा मात्र हिशेब घेतला पाहिजे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक खेड्यांतली, आणि त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबर या लावणी-बेणणीच्या दिवसांतली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, म्हणजे आमच्या बोटाच्याच वर्षी. प्रतिविष तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निघाले आहे. मग माणसे मरतात ती वाटेत मरतात: कोणी लपवण्यात वेळ घालवतो, कोणी दोरी आवळण्यात, कोणी जनावर शोधून मारण्यात, कोणी मंत्र घालण्यात. मांत्रिकाला यश येते ते खरे आहे, आणि त्याचे कारणही सोपे आहे. धामण, दिवड, नानेटी यांना विष नाही. आणि विषारी सापही कधी कधी कोरडाच चावतो. अशी माणसे मंत्राशिवायही बरीच झाली असती.

तेव्हा दंश झाला तर एवढेच करावे. माणसाला बसवावे किंवा कुशीवर निजवावे, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढावे. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधतात तसा सैल बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी नको, चीर नको, चोखणे नको, बर्फ नको, दारू तर मुळीच नको. 108 ला फोन करावा, किंवा जी गाडी आधी मिळेल तिने प्रतिविष असलेल्या सरकारी इस्पितळात न्यावे. साप पकडून नेण्याची गरज नाही. कसा दिसला ते सांगितले तरी पुरते. आणि सूज नाही, दुखत नाही म्हणून घरी थांबू नये. आमचे काका तसेच थांबले होते.

कोकणात विंचवाचेही असेच होते. रायगड जिल्ह्यातल्या महाडकडे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले रात्रीत जात आणि आईबाप नशीब म्हणून स्वीकारीत. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा यावर कोणाकडेच खात्रीचा उपाय नव्हता. ते रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसले, विष हृदयाचे नेमके काय करते ते लिहीत गेले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यावर चालते असे त्यांनी दाखवले. गंभीर रोग्यांत शंभरातले चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाडच्या लोकांची भीती कोणी उपदेशाने घालवली नाही. ती गेली, कारण कोणीतरी तिच्याकडे नीट टक लावून पाहिले.

आमचे बोट पंधरा दिवसांत बरे झाले. आम्ही बरे झालो नाही. पुढच्या हंगामात बागेच्या फाटकाशी गेलो की छाती धडधडे, तोंड सुके, हाताला नसलेला चटका बसे. परत फिरत असू. परत फिरलो की बरे वाटे. आणि दुसऱ्या दिवशी भीती अंगणापर्यंत आलेली असे. पुढे तर रात्री न्हाणीघरात जायलाही बायकोला उठवू लागलो. बोंडू दुसऱ्यांनी वेचले. सर्पदंशातून वाचलेल्या पुष्कळांचे असे होते. श्रीलंकेतल्या पाहणीतही तेच आढळले आहे. आपल्याकडे मात्र जखम भरली म्हणजे माणूस बरा, असा हिशेब.

आम्हांस ज्या डॉक्टरांनी वाट दाखवली त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. म्हणाले, ‘फाटकाशी उभे राहा. धडधडू दे. पळू नका. ती किती वेळ टिकते ते घड्याळात पाहा.’ पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटे लागली. बायको शेजारी उभी, बोलत काही नव्हती. आठवड्यात ती दहावर आली. मग फाटकाच्या आत पहिल्या झाडापर्यंत, मग दुसऱ्या. भीती पूर्ण जाईपर्यंत तेथेच थांबायचे आणि मगच मागे फिरायचे, एवढा एकच नियम. सगळी बाग फिरायला पावसाळा आला. ज्यांना एवढ्याने भागत नाही, झोप लागत नाही, तेच तेच डोळ्यांपुढे येते, त्यांनी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाण्यास लाजू नये. तापासाठी जातो तसेच ते.

निर्भय व्हा असे मात्र आम्ही कोणास सांगणार नाही. 1957 साली अमेरिकेत शिकागो येथे कार्ल श्मिट नावाचे सापांचे मोठे जाणकार होते. आफ्रिकेतल्या एका झाडसापाचे पिल्लू त्यांच्या अंगठ्याला चावले. एवढ्याशा पिल्लाने काय होणार, म्हणून ते उपचारासाठी गेले नाहीत. घरी बसून लक्षणे वहीत टिपत राहिले. दुसऱ्या दिवशी ते वारले. थोडी भीती त्यांच्या उपयोगी पडली असती.

आमच्या बागेतून पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. 1954 च्या 15 ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांचे सत्याग्रही हातात शस्त्र न घेता तेथे शिरले व तिरंगा लावला. नंतर पोर्तुगीजांनी त्यांना पकडले. बंदुकीसमोर जाताना त्यांना भीती वाटली नसेल असे आम्ही लहानपणी समजत होतो. आता तसे वाटत नाही. वाटली असेल, आणि ती बरोबर घेऊनच ते नदीकाठाने चालले असतील.

इस्पितळातल्या त्या रात्रीच्या यादीचे काय केले तेही सांगून टाकतो. भावाशी बोललो. बांधाचे तीन हात त्याला दिले. खरे म्हणजे ते त्याचेच होते. वारशाची कागदपत्रे वकिलाकडे दिली, त्याला दोन वर्षे लागली. कर्जाचा एक कागद बायकोला दाखवलेला नव्हता, तो दाखवला. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. मरणाचे भय यांतून गेले असे नाही; पण पहाटे तीनला जाग आली तर आता मोजायला फारसे काही नसते. 2 नोव्हेंबरला काकांच्या कबरीवर मेणबत्ती लावताना आम्ही आताशा तेथे जरा जास्त वेळ थांबतो.

राहिली बाग. घोट्याच्या वरपर्यंत येणारे रबरी बूट आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय आम्ही फाटक उघडत नाही. काठी आधी पाल्यात आपटतो, मग पाऊल. चिऱ्याच्या गडग्यालगतचा पाला हंगामाआधीच ओढून काढतो. घरात सगळे खाटेवर निजतात, मच्छरदाणी गादीखाली खोचून; आणि रात्री अंगणात उतरायचे तर बॅटरी हातात.

गेल्या मार्चात तिसऱ्या झाडाखाली पाला हलला. आम्ही थांबलो. सहा हात लांबीची धामण होती, उंदरामागे निघालेली. छातीत धडधड झालीच. ती गडग्यापलीकडे जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो, मग दोन टोपल्या भरल्या. घरी आई, आता नव्वदीला आलेली, ओसरीवर बसली होती. तेर्स संपवून तिने विचारले, ‘काय दिसले का रे बागेत?’

दिवा लागला होता. ‘साप दिसला, आई,’ आम्ही म्हणालो. ‘धामण होती.’

तिने खूण केली, आणि मग विचारले, ‘बूट घातले होतेस ना?’