जोडीच्या नावावरची कारकीर्द

दुहेरीचा सामना पाहताना आपली नजर स्मॅश मारणाऱ्यावर खिळते आणि तिथेच अर्धा खेळ निसटतो. वरच्या दर्जाच्या बॅडमिंटनमध्ये मागून मारलेला स्मॅश बऱ्याचदा परत येतो. गुण मिळतो तो त्यानंतर, नेटजवळ रॅकेट वर धरून टपलेला जोडीदार ते ढिलं परतलेलं शटल खाली दाबतो तेव्हा. मुंबईचा चिराग शेट्टी आणि अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी 2016च्या सुमारास जमवली. दोघेही उंच, दोघेही मागून तडाखे देणारे. एका म्यानात दोन तलवारी. सात्विकच्या स्मॅशचा ताशी 565 किलोमीटरचा विक्रम 2023मध्ये नोंदला गेला. असा हात मागे असताना चिरागने पुढे यायचं, हे ओघानेच आलं. त्याच वर्षी या जोडीने इंडोनेशिया ओपन आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांकही गाठला. दुहेरीतला खेळाडू घडतो तो आपल्या खेळातलं काय आवरतं घ्यायचं हे कळल्यावर, असं मला वाटतं ते यामुळे.

हिशेबही जोडीचाच असतो. क्रमवारी जोडीच्या नावावर, जोडीदार बदलला की नवी ओळ. 2023च्या इंडोनेशिया ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला 87,500 डॉलर होते, दुहेरीच्या जोडीला 92,500. म्हणजे माणशी 46,250. प्रवास, फिजिओ, रॅकेटच्या तारा यांचा खर्च मात्र निम्म्यावर येत नाही. दुखणंसुद्धा वाटून घ्यावं लागतं. 2025च्या ऑल इंग्लंडमध्ये चिरागच्या पाठीने दगा दिला आणि धडधाकट सात्विकलाही सामना अर्धवट सोडावा लागला.

एकेरीत जमलं नाही की दुहेरीकडे वळायचं, असा एक समज आपल्याकडे जुना आहे. काही खेळाडू तसे वळतातही. पण वळणं वेगळं आणि टिकणं वेगळं. दुहेरीचं कोर्ट एकेरीपेक्षा जेमतेम 92 सेंटीमीटर रुंद, माणसं मात्र दुप्पट. मोकळी जागा आयती मिळत नाही, ती उघडून घ्यावी लागते. त्यात लांब सर्व्हिस मागच्या रेषेच्या 76 सेंटीमीटर अलीकडेच पडावी लागते, म्हणून बहुतेक सर्व्हिस आखूड, नेटला घासून जाणारी. समोरचा ती टिपायला रेषेवर झुकलेला असतो. पहिल्या तीन-चार फटक्यांतच हल्ला कोणाकडे जाणार हे बहुधा ठरतं, आणि मागचा पुढे कधी सरकेल, पुढचा मागे कधी फिरेल हे न बोलता कळावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरा गुणी खेळाडू कोणाबरोबरही जिंकतो, मग जोडीचं एवढं कौतुक कशाला? इंडोनेशियाच्या हेंद्रा सेतियावानने 2008चं ऑलिंपिक सुवर्ण मार्किस किडोसोबत मिळवलं आणि पुढे मोहम्मद अहसानसोबत तीनदा जगज्जेतेपद जिंकलं. हे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने बोलतं. हेंद्राची ख्याती तडाख्याची कधीच नव्हती. नेटवर मनगट जरासं वळवून शटल असं ठेवायचं की समोरच्याला ते उचलावंच लागेल आणि मागे उभ्या अहसानला स्मॅश मिळेल. जोडीदार बदलला तरी ही कला त्याच्यासोबत राहिली, पाय मंदावल्यावरही. बासेलमधलं शेवटचं जगज्जेतेपद त्याने जिंकलं ते 25 ऑगस्ट 2019 रोजी, आपल्या 35व्या वाढदिवशी.