राहुटीची भिस्त मेखेवर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढी वारी म्हटली की आपल्याला टाळ-मृदंग आठवतो, रिंगण आठवतं. पण त्याच वारीत आणखी एक काम रोज चालतं. पालखी मुक्कामी पोचण्याआधी दिंड्यांचे ट्रक पुढे जातात आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा तळांवर राहुट्यांचं गाव उभं राहतं. मुक्काम हलला की ते मोडायचं आणि पुढच्या तळावर पुन्हा उभारायचं. आज मी बोलणार आहे ते या राहुटीच्या मेखेविषयी. रात्री वारं सुटलं तर आत झोपलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सारी भिस्त तिच्यावरच असते.

आधी वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचं वारं दर चौरस मीटरला सुमारे साडेसात किलोचा रेटा देतं. राहुटीची बाजू १० फूट लांब आणि ६ फूट उंच धरली, तर त्या एका बाजूवर ४० किलोंहून जास्त भार येतो. वेग ६० झाला की हाच भार नव्वदीपार जातो. त्यात कनातीखालून वारा आत शिरला, तर राहुटी वर उचलली जाते. म्हणून आपल्याकडे पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं हे ध्यानात घेऊन दार पूर्वेला ठेवावं आणि पश्चिमेची कनात जमिनीलगत दाबून घ्यावी. वादळी झोत मात्र कुठूनही येतो, तेव्हा तणावे चारी बाजूंनी हवेतच.

मेख सरळ उभी ठोकू नये. तिचं डोकं राहुटीपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं असावं, म्हणजे दोर आणि मेख यांच्यात साधारण काटकोन होतो आणि मेख उपसून येत नाही. दोर मेखेला जमिनीलगतच बांधावा. वर बांधला तर मेख हलून हलून सैल होते.

जमीन पाहून मेख निवडायची असते. कॅनडात गोठलेल्या तळ्यांवर तंबू उभारून लोक मासे पकडतात. तिथे आटे असलेली मेख स्क्रूसारखी फिरवून बर्फात बसवतात. आपल्या मुरमाड माळावर लोखंडी मेख आणि घण लागतो. खरी परीक्षा काळ्या मातीची. ती कोरडी असताना मेख घट्ट बसते. पाऊस पडला की तीच माती फुगते, मऊ होते आणि मेखेवरची पकड सुटते. अशा जमिनीत लांब मेख वापरावी आणि तिच्यामागे हात-दोन हातांवर दुसरी ठोकून दोन्ही दोरानं जोडाव्यात. ओढ दोघींत वाटली जाते.

वाळूत किंवा भुसभुशीत मातीत मेख ठरत नाही. तिथे पोत्यात वाळू भरून त्याच्या मध्यावर दोर बांधावा आणि पोतं दीड-दोन हात खोल आडवं पुरून वरची वाळू तुडवून घ्यावी. पोतं उपसून यायचं तर वरची सगळी वाळू उचलावी लागते, म्हणून ते जागचं हलत नाही.

दोराचाही स्वभाव असतो. सुताचा किंवा घायपाताचा दोर भिजला की आखडतो आणि मेख ओढून काढतो. तो पावसाआधी थोडा सैल करावा. नायलॉनचा दोर उलट भिजल्यावर ताणतो, तो पुन्हा आवळावा लागतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मेखेच्या हातात नाही. भीमेवर उजनी आणि नीरेवर वीर, या दोन्ही धरणांतून सोडलेलं पाणी पंढरपुरात येतं. वर पाऊस झाला की इथे आभाळ कोरडं असूनही पात्रातलं पाणी चढू शकतं. म्हणून राहुटी नदीच्या पात्रात नको, नेमून दिलेल्या तळावरच हवी. तळावरही ओढ्याची, सखल जागा टाळावी, आणि विजेच्या तारेखाली तर मुळीच उभारू नये.

राहुटी लावणाऱ्या जाणत्या माणसांची एक सवय मी पाहिली आहे. निजण्यापूर्वी ते बॅटरी घेऊन एक फेरी मारतात, प्रत्येक तणावा हातानं ओढून पाहतात आणि सैल वाटलेल्या मेखेवर दोन घाव घालतात. पाऊस येऊन गेला की पुन्हा एक फेरी होते. यंदा आपल्या दिंडीत हे काम कोण करणार, ते निघण्याआधीच ठरवून ठेवा.