परीक्षेपलीकडची पायरी

अमरावतीस बसून समुद्राची गोष्ट काढणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु वऱ्हाडाचा आणि समुद्राचा संबंध कांहीं आजचा नव्हे. सन १८७० मध्यें खामगांवास आगगाडी आली, ती मुख्यतः येथला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीं. पुढें १९०८ सालीं लोकमान्यांच्या अपिलासाठीं अमरावतीचे दादासाहेब खापर्डे बोटीनें विलायतेस गेले. मात्र कापूस काय किंवा वकील काय, समुद्र ओलांडला तो दुसऱ्याच्या भरंवशावर. तो भरंवसा वाहणाऱ्या इंजिनिअरांविषयीं आज दोन शब्द लिहावेसे वाटतात.

बोटीवरील इंजिनिअर होऊं इच्छिणाऱ्या मुलाच्या अथवा मुलीच्या घरीं पहिला प्रश्न निघतो तो परीक्षांचा. सरकारी प्रमाणपत्रांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: चौथा वर्ग, दुसरा वर्ग आणि शेवटीं पहिला. मध्यंतरीं ठराविक महिने बोटीवर प्रत्यक्ष काम केल्यावांचून पुढील परीक्षेस बसतां येत नाहीं. पहिला वर्ग मिळाला कीं चीफ इंजिनिअर होण्याचा अधिकार येतो, घरीं पेढे वाटले जातात, आणि आतां सर्व झालें असें वडील मंडळी समजतात.

परंतु या धंद्यांतील लोकांच्या स्वतःच्याही संस्था आहेत. सागरी इंजिनिअरांची लंडन येथील संस्था १८८९ सालीं निघाली व १९३३ सालीं तिला राजाची सनद मिळाली. आपल्या देशांतील संस्थेचें ठाणें नव्या मुंबईंत नेरूळ येथें आहे. या संस्थांतील वरिष्ठ सभासदास फेलो म्हणतात. प्रमाणपत्र हा सरकारचा परवाना. फेलो होणें ही बरोबरीच्या जाणत्यांनीं दिलेली मान्यता होय. तेथें केवळ परीक्षेचे गुण पुरत नाहींत. कोणती जबाबदारी किती वर्षें वाहिली, माणसें कशीं सांभाळलीं, हाताखालच्यांस काय शिकविलें, याचा हिशेब द्यावा लागतो, आणि ज्येष्ठांची साक्षही लागते.

ही रीत नवी नाहीं. मुंबईच्या जहाजबांधणाऱ्या वाडिया घराण्यांतील अर्देशीर करसेटजी यांनीं स्वतः वाफेचें यंत्र घडविलें, आणि १८३४ सालीं आपल्या माझगांवच्या घरीं गॅसचे दिवे लावले. १८४१ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. दुसरे रामानुजन, तेही १९१८ सालीं! ती सोसायटी सर्व शास्त्रांची. परंतु निवड तेथेंही जाणत्यांच्या शिफारशीनेंच होई. मुंबई विद्यापीठ निघण्यास तेव्हां सोळा वर्षें अवकाश होता. अर्देशीरांची पदवी म्हणजे त्यांचें कामच.

म्हणून आमच्या कुटुंबवत्सल वाचकांस एक विनंती आहे. बोटीवरच्या माणसास दिवाळी, घरचें लग्न, वडिलांचें श्राद्ध यांपैकीं पुष्कळांस मुकावें लागतें, आणि त्याच्या वांट्याचें घरकाम मागें राहिलेल्यांस उचलावें लागतें. पहिल्या वर्गाच्या पेढ्यांबरोबर तें संपत नाहीं. खरी जबाबदारीचीं वर्षें त्यानंतरच येतात. घरानें तीं आनंदानें सोसावीं. मुलानेंही पहिल्या सफरीपासून आपल्या कामाची टिपणवही ठेवावी. आणि तो सुटीवर आला म्हणजे 'आतां कोणती परीक्षा राहिली?' असें न विचारतां, 'या खेपेस तुझ्यावर काय सोंपविलें होतें?' असें विचारावें.