रक्त कमी, पण कशामुळे?

"सुनेचं रगत कमी हाये" हे आपल्या वऱ्हाडात इतकं सवयीचं झालंय की ते कशानं कमी, हे कुणी विचारतच नाही. अमरावतीच्या डफरीनला काय, अकोल्याच्या लेडी हार्डिंगला काय, बाकावर बसलं की हेच कानावर पडतं.

गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की मोठाच धोका. बहुतेकींना लोह कमी पडलेलं असतं. त्यासाठी १८० दिवस गोळ्या मिळतात. शौचाला काळी होते म्हणून त्या गुपचूप फेकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अगं, त्यात काही वाईट नाही! गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

पण नेमानं गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, तेव्हा सिकलसेलची शंका घ्यायला हवी. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा वेळी लोहाच्या गोळ्या मनानं वाढवायच्या नाहीत; फॉलिक ॲसिड मात्र लागतंच. पाणी भरपूर प्यायचं, थंडीतापाला जपायचं आणि बाळंतपण दवाखान्यातच. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

हा आजार फक्त मेळघाटातल्या कोरकूंचा, असं शहरात समजतात. तसं नाही. विदर्भात इतर समाजांतही तो आहे.

एका सासूबाईंनी मला ठणकावलं, "आमच्या घरात असं काही नाही, हे तिच्या माहेरचं!" सून फक्त वाहक होती, म्हणजे आजारी नव्हतीच. बाळाला हा आजार आई आणि बाप दोघांकडून आला तरच होतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. म्हणून नवऱ्याचीही तपासणी हवी, तीही पहिल्या तीन महिन्यांत, कारण गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. सोल्युबिलिटी चाचणीत नुसता दोष कळतो. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिसनं. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात विचारा.

त्या सासूबाईंचा मुलगा बऱ्याच आढेवेढ्यांनंतर आला. तोही वाहक निघाला.