जुन्या गेम यंत्राचा हातातला संच : कसब मोठे, हिशेब कठीण

जुने घड्याळ, जुना रेडिओ, जुना ग्रामोफोन यांना गिऱ्हाईक असते, हे बाजारात वावरणाऱ्यास सांगायला नको. त्याच रांगेत आता टीव्हीला जोडून खेळायची जुनी व्हिडिओ गेम यंत्रेही येऊन बसली आहेत. काही कारागीर अशी यंत्रे उघडून, आतील मूळ सर्किट बोर्ड तोच ठेवून, त्याला छोटा पडदा, बटणे व बॅटरी जोडतात आणि खिशात नाही तरी हातात मावेल असा संच तयार करतात. मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने या कामात भांडवल घालावे का, असे आम्हांस विचारले. आम्ही कापडाचे व्यापारी. सोल्डरिंगच्या वाटेला कधी गेलो नाही. पण माल समजल्याशिवाय हिशेब मांडता येत नाही, म्हणून आधी माल समजून घेतला.

या हुन्नराला नाव मिळवून दिले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी. पेशाने ते ग्राफिक कलाकार. सन २००० मध्ये त्यांनी अटारी २६०० या १९७७ सालच्या यंत्राचा हातातला संच बनविला आणि २००४ साली या विषयावर पुस्तकही लिहिले. अटारी निवडण्यात शहाणपण होते. पेटी मोठी, पण आत मुख्य चिप तीनच आणि स्मृती अवघी १२८ बाइट. म्हणजे पेटीत बराचसा वाराच भरलेला!

काम असे चालते. जुने यंत्र टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने चित्र पाठवीत असे, त्यासाठी आत मॉड्युलेटर असतो. तो काढून टाकतात व चित्राचा संकेत त्याच्या अलीकडेच उचलून छोट्या एलसीडी पडद्याला देतात. मग येतो विजेचा प्रश्न. अटारीला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, बोर्डाला हवे असतात ५ व्होल्ट. वरचे ४ व्होल्ट जुना रेग्युलेटर उष्णता करून उडवून देतो. घरच्या विजेवर हे खपून जाते, बॅटरीवर तो रोजचा तोटा आहे. म्हणून तेथे स्विचिंग रेग्युलेटर बसवितात. १९९६ सालच्या निन्टेन्डो ६४ ला ३.३ आणि १२ असे दोन वेगळे व्होल्टेज लागते, शिवाय उष्णता बाहेर काढण्याची सोय नव्याने करावी लागते. कार्ट्रिजची खाच दुसरीकडे हलवायची तर एकेक तार ओढावी लागते. अटारीला २४ संपर्क, निन्टेन्डो ६४ ला ५०. एक तार चुकली की पडदा काळा, आणि चूक शोधण्यात दिवस जातो.

सर्वांत धाडसाचे काम म्हणजे बोर्डच कापणे. २००६ सालच्या निन्टेन्डो वी या यंत्राचा बोर्ड मुख्य चिपांभोवती कापून लहान करतात. बोर्डात तांब्याचे थर एकावर एक असतात. कापलेली कड नीट घासली नाही तर थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतो. कापड चुकीचे कापले गेले तर त्याचा निदान रुमाल होतो. बोर्ड चुकला की सरळ भंगार.

बॅटरीबाबत मात्र थट्टा नको. लिथियम सेलवर थेट सोल्डर लावू नये. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडलेले सेल घ्यावेत. जादा चार्जिंग व जादा उतार रोखणारे संरक्षक सर्किट हवेच. सेल दबला, टोचला तर आग लागते, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात लागते. वेळेचा हिशेबही आधीच सांगावा. ३.७ व्होल्टचे, २६०० मिलिअँपिअर-तासाचे दोन सेल म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. समजा संच ७ वॉट खातो, तर कागदावर पावणेतीन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. सेगा कंपनीने १९९५ साली नोमॅड नावाचा कारखानी संच काढला होता. त्यातही सहा सेल भराभर संपत, ही तक्रार होतीच.

आता धंदा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली बहुतेक गेम यंत्रे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. पुढे त्या नकलांचे सारे सर्किट काळ्या ठिपक्याखालच्या एका चिपेत आले, म्हणून शेकडो गेमचे स्वस्त संच आज सहज मिळतात. नुसते खेळायचे असेल तो तेच घेईल. कारागिराकडे येणारा माणूस वेगळा. त्याला आपल्या लहानपणाचे तेच यंत्र, तीच कार्ट्रिज हवी असते. असे गिऱ्हाईक थोडे, पण घासाघीस कमी करणारे.

म्हणून आम्ही त्या तरुणास ठोक माल भरायला पैसे दिले नाहीत. यंत्र गिऱ्हाइकाचे, मजुरी तुझी, निम्मा बयाणा आधी, आणि कापलेले यंत्र पूर्ववत होणार नाही हे पावतीवर लिहून सही, असे सांगितले. चालू स्थितीतले दुर्मिळ यंत्र कापायला घेऊ नये. पेटी फुटलेले घ्यावे. हत्यारांपुरती रक्कम मात्र आम्ही दिली. पहिले यंत्र, फॅमिकॉमची एक जुनी नक्कल, त्याने भंगारवाल्याकडून आणले आहे. पडदा लागला, आवाज येतो. कार्ट्रिजच्या ६० तारांपैकी निम्म्या जोडायच्या आहेत.